लाकडी घाण्याच्या तेलाची वेबसाइट: मुखपृष्ठावर नेमके काय लिहावे?

प्रश्न
करडईचे_शेत (बार्शी)

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात आमच्या कुटुंबाचा लाकडी घाणा आहे. घाणा आता बैलाऐवजी मोटारीवर फिरतो, परंतु उखळ आणि त्यात फिरणारी लाट लाकडाचीच आहेत, आणि शेंगदाणा, करडई, तीळ व खोबरे अशी चारच तेले आम्ही काढतो. घाण्याचे काम सासरे आणि पती पाहतात. हिशेब, पॅकिंग, कुरिअर आणि ग्राहकांशी बोलणे माझ्याकडे आहे. आजवरची सगळी विक्री ओळखीतून, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर होत आली. ओळखीबाहेरच्या ग्राहकांपर्यंत पोहोचता यावे म्हणून आम्ही वेबसाइट करून घेतली. ती दिसायला नीटनेटकी आहे, पण तिच्यावरून मागणी जवळजवळ येतच नाही. लोक वेबसाइट पाहूनही फोन करून तेच ते प्रश्न विचारतात, आणि बरेच जण फोनही करत नाहीत.

मुखपृष्ठावरचा सध्याचा मजकूर असा आहे: “आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत आहे. गुणवत्ता, विश्वास आणि परंपरा यांचा त्रिवेणी संगम म्हणजे आमची उत्पादने. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय असून सर्वोत्तम दर्जाची उत्पादने वाजवी दरात देण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.” त्याखाली कुटुंबाचा तीन पिढ्यांचा इतिहास आहे, त्याखाली आरोग्यविषयक फायद्यांची यादी आहे आणि अगदी शेवटी बाटल्यांची छायाचित्रे आहेत. दर वेगळ्या पानावर आहेत.

फोनवर येणारे प्रश्न मात्र ठरलेले असतात. डबा किलोचा आहे की लिटरचा? बाजारातल्या पिशवीपेक्षा दर इतका जास्त का? तळाशी गाळ का दिसतो? पुऱ्या तळताना फेस का येतो? खोबरेल थिजले म्हणजे त्यात भेसळ आहे का? पार्सल वाटेत गळले तर भरपाई कोण देणार?

मला विचारायचे आहे ते असे की, पहिल्या वाक्यात काय यावे, कुटुंबाचा इतिहास किती सांगावा, मजकूर मराठीत ठेवावा की इंग्रजीत, आणि इतर घाणेवाले हृदयविकार, मधुमेह, सांधेदुखी यांबद्दल जे दावे करतात तसे आम्हीही करावेत का? या कामाचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


प्रतिसाद
मजकूरकार (पुणे)

नमस्कार ताई. मी लहान व्यावसायिकांसाठी जाहिरातीचा आणि वेबसाइटचा मजकूर लिहितो. तुमच्या प्रश्नातला तिसरा परिच्छेद, म्हणजे फोनवर विचारले जाणारे प्रश्न, हाच तुमच्या मुखपृष्ठाचा कच्चा माल आहे. बहुतेकांना तो शोधावा लागतो. तुमच्याकडे तो रोज आपणहून येतो आहे.

सध्याच्या मजकुरावर एक चाचणी करून पाहा. त्यातील तिन्ही वाक्ये जशीच्या तशी उचलून एखाद्या फर्निचरच्या दुकानाच्या किंवा सहल कंपनीच्या वेबसाइटवर ठेवली, तर एकही शब्द बदलावा लागणार नाही. जे वाक्य कोणत्याही धंद्याला चालते, ते वाचून ग्राहकाला तुमच्याविषयी काहीही कळत नाही. त्यात खोटे काही नाही, हे मान्य. पण मोबाइलचा पहिला पडदा, जिथे ग्राहक थांबायचे की मागे फिरायचे हे ठरवतो, तो या वाक्यांनी पूर्ण व्यापून टाकला आहे.

वेबवर लोक कसे वाचतात यावर वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 1997 मध्ये जे काम प्रसिद्ध केले, ते आजही मला मार्गदर्शक वाटते. त्यांच्या पाहणीत 79 टक्के लोक नव्या पानावरून नुसती नजर फिरवत होते आणि शब्दन् शब्द वाचणारे केवळ 16 टक्के होते. त्यांनी अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या पर्यटनविषयक मजकुराच्या पाच आवृत्त्या करून लोकांना वापरायला दिल्या. माहिती तीच ठेवून केवळ बढाईची भाषा काढून टाकली, तेव्हा ते पान 27 टक्के अधिक उपयोगी ठरले. बढाई काढून मजकूर आटोपशीर आणि नजरेत भरेल असा मांडला, तेव्हा ही वाढ 124 टक्क्यांवर गेली. मला यातला बढाईविषयीचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण “सर्वोत्तम”, “दर्जेदार”, “विश्वासार्ह” असे शब्द निरुपद्रवी आहेत अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात वाचणाऱ्याला ते बाजूला सारून खरी माहिती शोधावी लागते.

म्हणून पहिल्या पडद्यावर चारच गोष्टी असाव्यात: वस्तू कोणती, ती कुठे व कशी तयार होते, किती मापात आणि कोठवर मिळते, आणि मागवायची कशी. तुमच्या माहितीवरून मी असा मसुदा सुचवीन:

“बार्शीच्या लाकडी घाण्यावर काढलेले शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबरेल तेल.
1, 5 आणि 15 लिटरमध्ये, महाराष्ट्रभर घरपोच. प्रत्येक डब्यावर तेल काढल्याची तारीख.”

त्याखाली एकच बटण: “दर पाहा आणि मागवा”. मापे आणि पोहोचवण्याचे क्षेत्र मी गृहीत धरले आहे. तुमचे जे खरे असेल ते घालावे. स्वागताचे वाक्य नको. दुकानात आलेल्या माणसाला आपण “या, बसा” म्हणतो आणि लगेच “काय देऊ?” असे विचारतो, इथे तो दुसरा प्रश्नच आधी यायला हवा.

यानंतर दर. तो वेगळ्या पानावर ठेवू नका. दर दिसला नाही की ग्राहक असे धरून चालतो की तो परवडणारा नसणार. तुमचा दर पिशवीच्या तेलापेक्षा जास्त आहे आणि त्याला सबळ कारण आहे, तर ते कारण दराच्या लगत, दोन-तीन वाक्यांत लिहावे. उदाहरणार्थ: “घाण्यावर 1 लिटर शेंगदाणा तेल काढायला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. मोठ्या कारखान्यांत पेंडीत उरलेले तेलही द्रावक (तेल विरघळवून घेणारे रसायन) वापरून काढून घेतले जाते. आमच्याकडे ते पेंडीतच राहते आणि पेंड जनावरांच्या खाद्यासाठी जाते. म्हणून दर जास्त आहे.” शेंगदाण्याचे प्रमाण तुमच्या घाण्यावरचे जे असेल तेच द्यावे. यात रिफाइंड तेलाला नावे ठेवलेली नाहीत, हे मुद्दाम लक्षात आणून देतो. दुसऱ्याचे तेल विषारी आहे असे सुचवून आपले विकणारी पाने मी पुष्कळ पाहिली आहेत. ती वाचून ग्राहक घाबरतो, पण घाबरलेला ग्राहक तुमच्यावर विश्वास ठेवेलच असे नाही. शिवाय त्याच्या घरात आज तेच तेल असते, आणि आपल्या स्वयंपाकघराची निंदा ऐकायला कोणाला आवडते?

गाळ, फेस आणि थिजणे या तीन शंकांना मुखपृष्ठावरच जागा द्या. अनेक व्यावसायिकांना वाटते की दोष वाटेल अशी गोष्ट आपण होऊन का सांगावी. माझे मत याच्या नेमके उलट आहे. जी गोष्ट डबा उघडल्यावर ग्राहकाला दिसणारच आहे, ती त्याने आधी तुमच्याकडून ऐकलेली असली तर ती घाण्याच्या तेलाची खूण ठरते आणि नंतर एकट्याने पाहिली तर भेसळीचा संशय ठरतो. असे लिहिता येईल:

“तळाशी थोडा गाळ दिसेल. तेल टाकीत निवळून वरचे भरले जाते, तरी शेंगदाण्याचे अगदी बारीक कण राहतात आणि ते नंतर खाली बसतात.
तळताना फेस येतो, कारण तेलावर शुद्धीकरणाची प्रक्रिया केलेली नसल्याने बियांतील काही चिकट घटक त्यात असतात. कढई निम्मीच भरा आणि आच मध्यम ठेवा.
खोबरेल साधारण 24 अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते. थंडीत ते पांढरे आणि घट्ट झाले, तर डबा कोमट पाण्यात ठेवावा.”

कढई निम्मी भरण्याची सूचना केवळ मजकुराची शोभा नाही. फेस उतू जाऊन तेल गॅसवर सांडू शकते; म्हणून हे सांगणे तुमचे कर्तव्यच आहे.

इतिहासाबद्दल माझे मत असे आहे की, तो खाली न्यावा आणि लहान करावा. “तीन पिढ्यांची परंपरा” हे तीन शब्द आता सगळेच लिहितात. त्याऐवजी आज घाणा कोण चालवते, शेंगदाणे आणि करडई कोणत्या गावांतून येतात, आठवड्यातून किती वेळा घाणा लागतो, हे सांगितले तर जास्त उपयोग होईल.

शेवटची विनंती. लिहायला बसण्यापूर्वी व्हॉट्सॲपवरचे जुने संवाद वाचून काढा आणि ग्राहकांनी वापरलेली वाक्ये जशीच्या तशी वहीत उतरवून घ्या. जे पुन्हा पुन्हा मागवतात त्यांतल्या काहींना फोन करून एवढेच विचारा: “पहिल्यांदा मागवण्याआधी तुमच्या मनात कसली शंका होती?” तेल आवडले का, असे विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. शंका विचारली की माणसे मोकळेपणाने बोलतात, आणि त्या उत्तरांतून तुम्हाला मथळेसुद्धा मिळतील.


प्रतिसाद
अन्ननियम (नाशिक)

मी खाद्य उद्योगांच्या लेबलांचे आणि परवान्यांचे काम पाहते, म्हणून केवळ आरोग्यविषयक दाव्यांबद्दल लिहिते. ताई, ती यादी आजच काढून टाका, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन.

जाहिरात आणि दाव्यांविषयीचे अन्न सुरक्षा व मानके विनियम 2018 चे आहेत, आणि वेबसाइटवरचा मजकूर हीदेखील जाहिरातच असते. एखादे खाद्य रोग टाळते, कमी करते किंवा बरा करते असा दावा, स्वतंत्र मान्यता नसताना, या विनियमांनुसार करता येत नाही. “हृदयविकार दूर ठेवते”, “मधुमेहींना गुणकारी”, “सांधेदुखीवर उपाय” ही तिन्ही वाक्ये यातच मोडतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 53 नुसार 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इतर घाणेवाले असे लिहितात, ही सबब तपासणीच्या वेळी कामाला येत नाही. आणि दंडाची गोष्ट बाजूला ठेवली तरी, एखाद्या मधुमेही माणसाने अशा वाक्यावर विसंबून औषध कमी केले तर काय होईल, याचा विचार आपण करायलाच हवा.

“कोलेस्टेरॉलमुक्त” या शब्दाबाबत विशेष काळजी घ्या. कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांत असते; वनस्पतीच्या कोणत्याही तेलात ते मुळातच नगण्य असते. त्यामुळे तुमच्याच तेलात ते नाही असा अर्थ निघेल अशा रीतीने लिहिणे योग्य नाही. खाद्यतेलांच्या लेबलांवर अशा भाषेची इतकी चलती होती की, “कोलेस्टेरॉल फायटर”, “सूदिंग टू हार्ट”, “सुपर रिफाइंड” यांसारखे शब्द छापण्यास 2011 च्या वेष्टन व लेबल विनियमांत नाव घेऊन मनाई करावी लागली.

“शुद्ध”, “नैसर्गिक” आणि “पारंपरिक” या शब्दांनाही 2018 च्या विनियमांत अटी आहेत. एकाच घटकाचे आणि काहीही न मिसळलेले तेल असेल, तर “शुद्ध” म्हणायला आधार आहे; तरीही माझा सल्ला असा की, विशेषणाऐवजी वस्तुस्थिती लिहावी: “घटक: शेंगदाणे. दुसरे काहीही मिसळलेले नाही.” हे वाक्य नियमात बसते आणि वाचणाऱ्यालाही अधिक खरे वाटते.

जे लिहायला हवे आणि लहान वेबसाइटवर बहुधा नसते, ते आता सांगते. अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक, निव्वळ माप, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादकाचे नाव व पत्ता ही माहिती ऑनलाइन विक्रीत ग्राहकाला खरेदीपूर्वी दिसायला हवी. 2020 च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्कही द्यावा लागतो. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. लहान घरगुती व्यवसायात ही जबाबदारी बहुधा तुमच्यावरच येईल, म्हणून तिथे तुमचेच नाव येईल. हे सर्व पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दडपून टाकू नका. ओळखीबाहेरच्या ग्राहकाला पूर्ण पत्ता आणि परवाना क्रमांक पाहून जो धीर येतो, तो “विश्वास” हा शब्द वाचून येत नाही.

किलो आणि लिटरच्या प्रश्नाचे उत्तर मुखपृष्ठावर अवश्य द्या, कारण फसवणुकीची भावना इथेच तयार होते. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असते. 1 लिटर तेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात जवळपास 13.65 किलो तेल असते आणि 15 किलोचा डबा भरायला सुमारे साडेसोळा लिटर तेल लागते. किराणा दुकानात 15 किलोच्या डब्याची सवय असलेला ग्राहक तुमचा 15 लिटरचा डबा घेतो, घरी वजन करतो आणि तुम्ही कमी भरले असे समजतो. दराशेजारी “15 लिटर, सुमारे 13.65 किलो” असे दोन्ही लिहिले, तर हा वाद निर्माणच होणार नाही.


प्रतिसाद
चौथा_मजला (डोंबिवली)

मी व्यावसायिक नाही, ग्राहक आहे. घाण्याचे तेल मी ऑनलाइन मागवते, म्हणून त्या बाजूने लिहिते.

इतिहास खाली न्यावा, हे मजकूरकार यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. शहरात बसून तेल मागवताना माझी मुख्य शंका अशी असते की, या माणसांचा घाणा खरोखर आहे का, की घाऊक बाजारातून तेल आणून बाटल्यांत भरून विकतात? परंपरा हा शब्द वाचून ही शंका जात नाही हे खरे, पण घाण्याजवळ उभ्या असलेल्या घरच्या माणसाचे छायाचित्र, गावाचे नाव आणि घाण्याची दोन ओळींची माहिती पाहून ती जाते. हे मला वरच हवे असते. इंटरनेटवरून घेतलेले, लाकडी चमच्यातून सोनेरी धार पडतानाचे चित्र दहा ठिकाणी तेच दिसते आणि ते पाहून माझा संशय उलट वाढतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कुरिअर. मागे एका ठिकाणाहून मागवलेला पाच लिटरचा डबा झाकणापाशी गळून अर्धा रिकामा होऊन आला आणि विक्रेता कुरिअरकडे बोट दाखवत राहिला. तेव्हापासून मी आधी “गळल्यास काय” हे शोधते. “डबा गळून आला तर 24 तासांत छायाचित्र पाठवा, आम्ही दुसरा पाठवू” असे एखादे स्पष्ट वाक्य दिसले की मी मागवते. खरे सांगायचे तर दरापेक्षा या वाक्याने माझा निर्णय जास्त वेळा झाला आहे.

आणि एक विनंती. कोणते तेल कशाला वापरावे, हे लिहा. करडईचे तेल माझ्या आईच्या घरी नेहमी असायचे, पण माझ्या मुलीच्या वयाच्या मुलींना ते तळायला चालते की नाही, हेही ठाऊक नसते.


प्रतिसाद
जोडाक्षर (कोल्हापूर)

मी वेबसाइटची मांडणी करतो. मजकूर कितीही चांगला लिहिला तरी तो पानावर कसा चढवला जातो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते, म्हणून थोडे तांत्रिक लिहितो.

सर्वप्रथम तुमच्या पानावरचा मजकूर बोट ठेवून निवडता येतो का, ते मोबाइलवर पाहा. आपल्याकडे अजूनही बराच मराठी मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला असतो. तो वेबवर चढवला की भलतीच अक्षरे उमटतात, म्हणून मग पत्रकासारखे चित्र करून तेच लावले जाते. चित्रातला मजकूर लहान पडद्यावर वाचता येत नाही, दृष्टिहीन व्यक्तींच्या वाचक-सॉफ्टवेअरला तो कळत नाही आणि शोधयंत्रांनाही तो वाचता येईल याचा भरवसा नसतो. मथळ्यापासून पत्त्यापर्यंत सर्व काही युनिकोडमध्ये (कोणत्याही मोबाइलवर मराठी नीट उमटवणाऱ्या अक्षरपद्धतीत), मजकूर म्हणूनच असावे. दोन ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवायला सांगा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात.

पहिल्या पडद्यावर आपोआप सरकणारी चित्रे असतील तर ती काढून एकच छायाचित्र ठेवा. मजकूरकारांनी सुचवलेला दोन ओळींचा मथळा, वरच्या ताईंनी मागितलेले घाण्याचे छायाचित्र आणि एक बटण, एवढेच मोबाइलच्या पडद्यावर मावते. दोघांचे म्हणणे एकत्र नांदू शकते: मथळा शब्दांत वस्तू सांगेल आणि छायाचित्र घाणा खरा असल्याचे दाखवेल. तुमची विक्री व्हॉट्सॲपवर रुळलेली आहे, तर बटण थेट तिथेच न्यावे आणि “मला 5 लिटर शेंगदाणा तेल हवे आहे” असा संदेश आधीच टंकलेला असावा. ग्राहकाला काय लिहू असा प्रश्न पडू नये.

भाषेबाबत माझे मत स्पष्ट आहे: तुमचे ग्राहक तुमच्याशी मराठीत बोलतात, तर मुखपृष्ठ मराठीतच असावे. इंग्रजी हवे असल्यास वेगळे पान करावे. एकाच पानावर एक परिच्छेद मराठी आणि एक इंग्रजी, असे करू नये. मात्र पुष्कळ लोक शोधताना तेलाचे नाव रोमन लिपीत टंकतात, म्हणून प्रत्येक तेलाच्या पानाच्या शीर्षकात मराठी नावाबरोबर इंग्रजी नावही असू द्या. गूगलच्या निकालात दिसणारे शीर्षक “मुख्यपान” किंवा “होम” असे राहिलेले नाही ना, तेही तपासा. लहान व्यवसायांच्या वेबसाइटवर ते सर्रास तसेच राहते. “लाकडी घाण्याचे शेंगदाणा व करडई तेल, बार्शी” असे शीर्षक असेल, तर पान उघडण्याआधीच ग्राहकाला आपण योग्य ठिकाणी आल्याचे कळेल.


करडईचे_शेत (बार्शी)

सर्वांचे मनापासून आभार. आरोग्याची यादी काढून टाकली आहे. आपल्या सूचनांवरून नवा मसुदा तयार केला आहे, तो पाहावा.

“बार्शीच्या लाकडी घाण्यावर काढलेले शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबरेल तेल. 1 लिटर, 5 लिटर आणि 15 लिटर (सुमारे 13.65 किलो). प्रत्येक डब्यावर तेल काढल्याची तारीख. पुणे, मुंबई, सोलापूर आणि महाराष्ट्रात सर्वत्र कुरिअरने.

घाणा आमच्या घराशेजारीच आहे. करडई आणि शेंगदाणे आम्ही आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांकडून घेतो. तीळ आणि खोबरे बाजारातून निवडून आणतो. बार्शीला आलात तर घाणा चालू असताना पाहायला जरूर या, फक्त आधी फोन करा.

शेंगदाणा तेल रोजच्या भाजीला आणि तळणाला. करडईचे तेल आमच्याकडे शेंगांच्या चटणीवर, ठेच्यावर आणि गरम भाकरीवर कच्चेच घेतात. भाजीलाही चालते, पण मोठ्या आचेवर तळायला वापरू नये, ते लवकर धुरावते. तीळ तेल लोणच्याला आणि अंगाला, खोबरेल केसांना आणि स्वयंपाकाला.

डबा गळून आला तर 24 तासांत छायाचित्र पाठवा. आम्ही आमच्या खर्चाने दुसरा डबा पाठवू.”

यानंतर दराचा तक्ता, दर जास्त का, गाळ-फेस-थिजणे, आणि शेवटी परवाना क्रमांक, पत्ता आणि माझे नाव व फोन. तीळ आणि खोबरे बाजारातून आणतो, हे लिहावे की नाही यावर घरात मतभेद आहेत. सासऱ्यांचे म्हणणे आहे की लिहावे. पतींना वाटते की त्याने आपली बाजू कमजोर दिसेल.


मजकूरकार (पुणे)

सासऱ्यांचे ऐकावे. चारपैकी दोन गोष्टी आपल्या भागातल्या नाहीत असे जो आपण होऊन सांगतो, त्याच्या उरलेल्या दोन गोष्टींवर ग्राहक विश्वास ठेवतो. सोलापूर भागात नारळाचे पीक नाही, हे डोंबिवलीच्या ग्राहकालाही माहीत आहे. जमल्यास खोबरे कोणत्या प्रांतातून येते, तेही लिहा.

करडईचा परिच्छेद उत्तम झाला आहे. त्याला हात लावू नका. “गरम भाकरीवर कच्चेच घेतात” हे वाक्य कोणत्याही फर्निचरच्या दुकानाला चालणार नाही. एकच बदल सुचवतो: “महाराष्ट्रात सर्वत्र कुरिअरने” याच्यापुढे साधारण किती दिवसांत पोहोचते, ते घाला आणि जिथे पोहोचवता येत नाही असे भाग असतील तर तेही लिहा.


अन्ननियम (नाशिक)

माझ्याकडून दोन दुरुस्त्या. तीळ तेल आणि खोबरेल यांच्यापुढील “अंगाला” आणि “केसांना” हे शब्द काढा. तुमचा परवाना खाद्यतेलाचा आहे; अंगाला व केसांना लावण्याचे तेल म्हणून विक्री केली तर ते सौंदर्यप्रसाधनात मोडते आणि त्याचे नियम वेगळे आहेत. ग्राहक घरी कसे वापरतात तो त्यांचा प्रश्न आहे, पण आपण तसे लिहून विकू नये.

दुसरे म्हणजे डब्यावर तेल काढल्याची तारीख देता ते चांगलेच आहे, परंतु किती काळात वापरावे, हेही मुखपृष्ठावर यावे आणि ते लेबलवर छापलेल्या मुदतीशी तंतोतंत जुळावे. चारही तेलांची मुदत एकच धरू नका. प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी प्रयोगशाळेत करून घ्या आणि अहवाल आला की मगच तो आकडा पानावर चढवा.